पाळण्याची दोरी

मराठीत ‘निजणे’ हे क्रियापद आहे आणि ‘निजवणे’ हे त्याचे प्रयोजक रूपही आहे. व्याकरणाच्या पुस्तकात ही जोडी ‘बसणे-बसवणे’, ‘उठणे-उठवणे’ यांच्या पंक्तीत निमूटपणे बसलेली दिसते. परंतु बसवलेला माणूस बसतो, उठवलेला कुरकुरत का होईना उठतो. निजवलेले मूल मात्र निजतेच असे नाही. रात्री साडेदहा वाजता दोन वर्षांच्या मुलाला ज्याने एकदा तरी थोपटले आहे, त्याला हे सांगावे लागत नाही. भाषेने ही गोष्ट दुसरीकडे कबूलही केलेली आहे. झोप कोणी करत नाही. ती येते, लागते. भूक, तहान, ठेच, छंद आणि समाधी ज्या क्रियापदाने सांगितली जाते त्याच क्रियापदाने झोपही सांगितली जाते. ‘बाळाला झोप लागली’ या वाक्यात कर्ता आहे ती झोप. बाळ चतुर्थीत आहे आणि निजवणाऱ्या बाईला तर वाक्यात जागाच नाही. (‘झोप काढणे’ हा प्रयोग आहे खरा, पण तो दुपारी कचेरीत पेंगणाऱ्या मोठ्यांसाठी राखून ठेवलेला दिसतो.) तरीही घरोघरच्या आया, आज्या आणि मावश्या रोज रात्री ‘मी हिला निजवते’ असे म्हणतच असतात, आणि आपल्या या विधानावर त्यांचा पूर्ण विश्वास असतो.

वडोदऱ्यातील एका मराठी घरात या विश्वासाची परीक्षा काही आठवडे चालली होती. गायकवाडांच्या अमदानीत महाराष्ट्रातून येऊन दांडिया बाजाराच्या परिसरात स्थिरावलेल्या कुटुंबांपैकी हे एक. घरात बोलणे मराठीत, शेजाऱ्यांशी गुजरातीत आणि रागावणे दोन्ही भाषांत. जुना वाडा पाडून उभ्या राहिलेल्या इमारतीत यांच्या वाट्याला दोन खोल्या आणि एक दिवाणखाना आलेला. सासू सहासष्ट वर्षांची, मराठी शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका, मुलगा औषधांच्या कारखान्यात पाळ्यांमध्ये काम करणारा, सून बँकेत, आणि दोन वर्षे चार महिन्यांची नात. सुनेला दुसऱ्या खेपेचा सहावा महिना लागला होता. आजोबांना जाऊन तीन वर्षे झाली होती, म्हणजे नातीने त्यांना केवळ भिंतीवरच्या तसबिरीत पाहिले होते.

या घरात मुलांसाठी लाकडी पाळणा नव्हता, घोडियुं होते. महाराष्ट्रातील वाचकाला कदाचित हा शब्द परका वाटेल. दोन बाजूंना उभे पाय, त्यांना जोडणारा आडवा दांडा, त्या दांड्याला कड्यांनी अडकवलेली कापडी झोळी आणि झोळीला बांधलेली दोरी, असे या वस्तूचे रूप. गुजरातेत ते घरोघर असते. मुलगा झाला तेव्हा शेजारच्या गुजराती बाईंच्या आग्रहावरून संखेड्याचे, तांबड्या-पिवळ्या लाखकामाचे हे घोडियुं 1989 मध्ये आणले गेले. पुढे ते माळ्यावर गेले, आणि नात जन्मल्यावर पुसून पुन्हा खाली आले. दोरी मूळची चार हात लांब. आजीच्या पलंगापर्यंत ती पोचेना, म्हणून तिला परकराची एक जुनी नाडी जोडण्यात आली होती.

रोज रात्री नऊ वाजता ही दोरी आजीच्या हातात जाई. बारा किलोंची नात झोळीत आता मावत नव्हती. तिची पावले बाहेर लोंबत आणि कापड इतके खाली येई की पाठ जमिनीला टेकते की काय असे वाटावे. कडी कुरकुरत राही. पाऊण तास, एक तास, कधी दीड. डोळे मिटले असे समजून आजीने हात सैल सोडला की झोळीतून डोके वर येई आणि हुकूम सुटे, ‘आजी, हलव.’ एक वाजता पुन्हा, तीन वाजता पुन्हा. आजी झोपेतच दोरी ओढी, आणि ओढता ओढता दोरीला गाठ मारलेली ती नाडी तिच्या बोटांभोवती गुंडाळली जाई. तिचा उजवा खांदा आखडला होता. वेणी घालायला हात वर जात नव्हता. घरात या सगळ्याला माया असे नाव होते, आणि ते खोटे नव्हते.

पाळण्याची दोरी हाती असलेल्या स्त्रीला जगाच्या उद्धाराचे श्रेय देणारे एक वाक्य आपल्याकडे शाळांच्या भिंतींवर आणि महिलामंडळांच्या व्यासपीठांवर पिढ्यान्‌पिढ्या मिरवत आले आहे. त्याचे मूळ विल्यम रॉस वॉलेस या अमेरिकन कवीच्या 1865 मधील कवितेत आहे, हे बहुतेकांच्या गावीही नसते, इतके ते आपले झाले. मात्र दोरी किती वर्षे धरायची, हे ना त्या कवीने सांगितले ना आपल्या भिंतींनी.

प्रश्न उपस्थित झाला तो एका आनंदाच्या बातमीमुळे. आजीच्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. वाकू नका, ओझे उचलू नका, असे डॉक्टरांनी बजावले. म्हणून दोन आठवड्यांसाठी नातीला जवळच्या पाळणाघरात ठेवण्यात आले. तिसऱ्या दिवशी तिथल्या बाईंनी सुनेला कौतुकाने सांगितले, ‘तुमची पोर फार शहाणी आहे हो. जेवण झालं की आपली चटई ओढते, कुशीवर वळते आणि दहा मिनिटांत गार. हलवावं लागत नाही की थोपटावं लागत नाही.’ सुनेने घरी येऊन ही वार्ता उत्साहाने सांगितली. काळा चष्मा लावून खुर्चीत बसलेल्या आजीने ती ऐकली आणि थोड्या वेळाने म्हटले, ‘दमत असेल तिथे.’

त्या तीन शब्दांत काय काय होते ते सुनेला लगेच कळले नाही. तिला दिसत होते ते तीन महिन्यांनंतरचे चित्र: एक तान्हे मूल, एक दोरीवाचून न झोपणारे मूल, रात्रपाळीला गेलेला नवरा आणि आखडलेला खांदा. तिने वाचायला सुरुवात केली. बॉस्टनचे बालरोगतज्ज्ञ रिचर्ड फर्बर यांचे मुलांच्या झोपेविषयीचे पुस्तक 1985 मध्ये प्रसिद्ध झाले. मुलाला जागे असतानाच अंथरुणावर ठेवावे, रडले तर काही मिनिटांनी जाऊन धीर द्यावा, आणि ही मिनिटे क्रमाने वाढवत न्यावीत, ही त्यांची पद्धत इतकी गाजली की त्यांच्या नावाचे इंग्रजीत क्रियापदच झाले. (निजवणे या क्रियेला शेवटी एक निराळे प्रयोजक क्रियापद मिळाले, असे म्हणावे काय?) ‘मूल रडून रडून दमेपर्यंत सोडून द्या’ असा त्यांच्या मताचा जो अर्थ लोकांत पसरला तो त्यांच्यावर अन्याय करणारा आहे, 2006 च्या सुधारित आवृत्तीत त्यांनी आपले म्हणणे अधिक स्पष्ट केले, आणि मुलाला जवळ घेऊन झोपणाऱ्या कुटुंबांविषयीचा सूरही सौम्य केला.

सुनेला त्या पद्धतीपेक्षा तिच्यामागचे कारण अधिक पटले. झोप ही सरळ रेघ नसते. रात्रभर ती खोल जाते आणि वर येते, आणि प्रत्येक फेऱ्याच्या शेवटी माणूस, लहान असो वा मोठा, क्षणभर जागा होतो. मोठा माणूस कूस बदलतो आणि सकाळी त्याला ते आठवतही नाही. मूल त्या क्षणी आजूबाजूला चाचपते. ज्या स्थितीत डोळा लागला होता तीच स्थिती असली तर ते पुन्हा झोपते. डोळा लागताना झोळी हलत होती आणि आता ती थांबली आहे, असे असेल तर त्याच्या दृष्टीने काहीतरी बिघडलेले असते, आणि ते दुरुस्त करायला ते हाक मारते. म्हणजे एक वाजताची आणि तीन वाजताची हाक ही नऊ वाजताच्या दोरीतूनच जन्माला येत होती. पाळणाघरात चटई होती. चटई डोळा लागतानाही स्थिर होती आणि जाग आल्यावरही. कोडे एवढेच होते.

आजीला हे तर्कशास्त्र समजले नाही असे नव्हे. चौतीस वर्षे तिने मुलांना गणित शिकवले होते. तिचा आक्षेप वेगळा होता. ‘पूर्वी कुणी पुस्तकं वाचून मुलं झोपवली नाहीत,’ ती म्हणाली. हे बोलणे घरोघर ऐकू येते, आणि त्यातले ‘पूर्वी’ जरा तपासून पाहिले पाहिजे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या अनेक बाया तान्ह्या मुलांना अफू घातलेली बाळागोळी देऊन जात, कारण पाळीच्या वेळात मूल शांत राहणे हा पोटाचा प्रश्न होता. त्याच हेतूने इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात गॉडफ्रेज कॉर्डियल नावाचे अफूमिश्रित औषध मजुरांच्या वस्त्यांत सर्रास विकले जाई. ऊसतोडणीच्या फडात झाडाला टांगलेली झोळी अनेकांनी पाहिली असेल. तिथे दोरी ओढायला बहुधा पाच-सहा वर्षांची थोरली बहीण असते, आणि तिच्या झोपेचा व शाळेचा हिशेब कोणी ठेवत नाही. पूर्वीची मुले सुखाने झोपत, या स्मरणरंजनात या मुलांचा समावेश नसतो. सुनेने यातले काहीच म्हटले नाही. ती एवढेच म्हणाली, ‘आई, तिला वेगळ्या खोलीत नाही टाकायची. तुमच्याजवळच झोपू दे. फक्त आपली आपण झोपू दे.’

या दोन गोष्टींतला फरक महत्त्वाचा आहे, आणि पाश्चात्त्य सल्ला वाचताना तो आपल्याकडे हमखास निसटतो. एकटे झोपणे हा घराच्या रचनेचा आणि समाजाच्या चालीचा भाग झाला. ज्या घरात दोन खोल्या आणि पाच माणसे आहेत तिथे त्याची चर्चाच संभवत नाही. आपले आपण झोपणे हे मात्र दहा माणसांच्या अंथरुणांच्या ओळीतही घडू शकते, आणि आपल्या मोठ्या कुटुंबांत ते घडतही आले. मारिया माँटेसोरी यांनी 1936 मध्ये प्रसिद्ध झालेल्या बालपणाविषयीच्या ग्रंथात मुलासाठी अगदी बुटक्या बिछान्याचा आग्रह धरला: झोप आली की त्याला आपण होऊन आडवे होता यावे, जाग आली की आपण होऊन उठता यावे. 1939 मध्ये त्या भारतात आल्या तेव्हा त्यांना दिसले असेल की या देशातील कोट्यवधी मुलांना हा बिछाना गोधडीच्या रूपाने आधीच मिळालेला आहे. भावनगरच्या बालमंदिरात गिजुभाई बधेकांबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडकांनी पुढे बोर्डी आणि कोसबाड येथे माँटेसोरींचे विचार आदिवासी मुलांच्या अंगणात नेले ते अशाच दृष्टीने, की इथे काय आहे ते आधी पाहावे. आजीने शिक्षिकेच्या प्रशिक्षणात ताराबाईंचे लेखन वाचलेले होते. मुलाने स्वतःच्या हाताने जेवावे, स्वतः बटणे लावावीत, हे तिला मान्य होते. नातीला तिने ते शिकवलेही होते. स्वतः झोपावे, हा त्या यादीतला पुढचा धडा असू शकतो, हे तिच्या मनात कधी आले नव्हते, इतकेच.

एका रविवारी घोडियुं भिंतीकडे सरकवले गेले. आजीच्या पलंगाशेजारी जमिनीवर गादी आली, गादीवर आजीच्या जुन्या पातळांची गोधडी. दुपारची झोप पाच वाजेपर्यंत लांबत असे, ती तीनच्या आत संपवायचे ठरले. जेवणानंतर दूरचित्रवाणी बंद, मोबाइल दुसऱ्या खोलीत, दिवा मंद. दात घासणे, पाणी, एक गोष्ट, मग गादी; क्रम रोज तोच. नातीने दोरी मागितली. तिला हातात धरायला तरी ती द्यावी, असे आजीला वाटले. परंतु रात्री दोरी मुलाच्या गळ्याजवळ नको, असे सुनेने ठामपणे सांगितले आणि गोधडीचा कोपरा नातीच्या मुठीत दिला. मुलीला तो कोपरा पसंत पडायला दोन रात्री लागल्या. पुढे तो इतका पसंत पडला की गोधडी धुवायला टाकणे अवघड झाले.

पहिल्या रात्रीचे वर्णन लांबवण्यात अर्थ नाही. पन्नास मिनिटे रडणे झाले. तिला एकटी सोडलेली नव्हती. सून गादीशेजारी बसून होती, मधूनमधून पाठीवर हात ठेवत होती, ‘आम्ही इथंच आहोत’ एवढेच म्हणत होती. आजी स्वयंपाकघरात उभी होती. तिने सकाळसाठी भिजवलेले हरभरे दोनदा धुतले. दुसऱ्या रात्री अर्धा तास. तिसऱ्या रात्री रडणे थोडे आणि वाटाघाटी पुष्कळ: पाणी, पुन्हा पाणी, शी, डास, बाहुलीला झोप येत नाही. दोन वर्षांच्या मुलाची कल्पनाशक्ती झोपेच्या उंबरठ्यावर जशी फुलते तशी एरवी क्वचितच.

चौथ्या रात्री दोनच्या सुमारास सुनेला जाग आली ती ओळखीच्या आवाजाने. कडी कुरकुरत होती. ती उठून दाराशी आली. गादी रिकामी होती, नात झोळीत होती, आणि आजी पलंगावर टेकून, डोळे मिटून, संथपणे दोरी ओढत होती. मूल रडल्याचा आवाज सुनेने ऐकलेला नव्हता. ती काही न बोलता परत गेली.

दोरी, खाट, मूल आणि पाहणारी आजी किंवा आजोबा, ही चौकट विसाव्या शतकाच्या विचारविश्वाला अपरिचित नाही. सिग्मंड फ्रॉइड यांनी 1920 च्या एका ग्रंथात आपल्या दीड वर्षाच्या नातवाचा एक खेळ नोंदवला आहे. दोरा बांधलेले लाकडी रीळ तो आपल्या पडदे लावलेल्या खाटेत फेकून दिसेनासे करी आणि मग दोरा ओढून ते परत दिसताच आनंदाने उद्गार काढी. आईचे जाणे त्याच्या हातात नव्हते. ते त्याने दोऱ्याच्या एका टोकाला बांधून हातात आणले, असा अर्थ त्या आजोबांनी लावला. साहित्याच्या विद्यार्थ्यांना हा प्रसंग इतका परिचित आहे की त्यातील एक साधी गोष्ट नजरेआड होते: खेळात दोरा मुलाच्या हाती आहे. घोडियाच्या बाबतीत तो मोठ्यांच्या हाती असतो. मग दूर जाणारे आणि परत येणारे ते कोण, आणि कोणाचे जाणे कोण सुसह्य करून घेत असते, हा प्रश्न त्या रात्री त्या घरात विचारता आला असता.

तो दुसऱ्या दिवशी न विचारताच सुटला. दुपारी दोघी गवार मोडत बसल्या होत्या. सून रजेवर होती, नात पाळणाघरात. शेंगा निम्म्या झाल्यावर आजीच म्हणाली, ‘काल ती उठली नव्हती. मीच उचलून घातली तिला.’

‘ऐकलं मी, आई.’

‘तिला झोप लागत नाही म्हणून नाही गं.’ आजीने एक शेंग मोडली, शीर काढली. ‘हे गेल्यापासून मला लागत नाही. तिची दोरी हातात असली की निदान जागं राहण्याला काहीतरी कारण असतं.’

सुनेने गवारीचे ताट थोडे बाजूला केले. तीन वर्षे एका घरात राहून, रात्री एक वाजता आणि तीन वाजता कोण कोणाला जागे करते हे आपल्याला उमगले नाही, याचे तिला वाईट वाटले असावे. पण ती बँकेत काम करणारी, हिशेबाला पक्की बाई. सांत्वनाची वाक्ये तिला सुचत नसत. तिने विचारले, ‘डॉक्टरांना सांगितलंत का कधी?’ आजीने मान हलवली. वैधव्यातली जागरणे ही सांगण्याची गोष्ट आहे असे तिच्या पिढीला शिकवलेले नव्हते. त्या आठवड्यात खांद्याच्या डॉक्टरांकडे जाताना झोपेविषयीही विचारायचे ठरले. आणि आणखी एक गोष्ट ठरली, ती अशी की रात्री नातीजवळ सुनेने बसायचे नाही, आजीनेच बसायचे. दोरीवाचून.

पाळणा या शब्दाला मराठीत दोन अर्थ आहेत: वस्तू आणि गीत. या गीतांचा अभ्यास करणाऱ्याला एक विसंगती नेहमी जाणवते. आपले बहुतेक पाळणे झोपेचे नाहीतच. ते बारशाला म्हटले जातात, भरलेल्या घरात, बायकांच्या मोठ्या समूहस्वरात. आणि त्यांचा विषय राम, कृष्ण किंवा शिवाजी यांचा जन्म हा असतो. त्या गलबल्यात एखादे बाळ झोपलेच तर तो त्याचा पराक्रम. मार्कंडेयपुराणातील मदालसा तर रडणाऱ्या बाळाला आत्मज्ञान सांगते. तिचे तीन थोरले मुलगे त्या उपदेशाने विरक्त झाले आणि चौथ्याच्या वेळी राजाला तिला आवरावे लागले. झवेरचंद मेघाणींनी शिवाजीवर गुजरातीत लिहिलेले हालरडे, म्हणजे अंगाई, वडोदऱ्याच्या मराठी घरांतही गायिले जाते. त्यात बाळ शिवाजीला झोप येत नाही आणि जिजाबाई त्याला पुढे येणाऱ्या लढायांची जाणीव देत झोके देते. झोपेच्या निमित्ताने मोठ्यांच्या मनातले सारे काही बोलून घ्यायचे, ही या गीतांची खरी परंपरा दिसते. केवळ झोपेसाठी असलेली अंगाई त्या मानाने गरीब असते. तिच्यात चार शब्द, दोन चिमण्या, एक चांदोबा आणि पुष्कळसा अनुस्वार. आजी आता ती गुणगुणू लागली. मेघाणींचे हालरडे तिला पूर्ण पाठ होते, पण ते म्हटले की नात डोळे उघडून ‘पुढे?’ असे विचारी.

पहिले काही दिवस आजीची खुर्ची गादीला लागून होती आणि हात नातीच्या पाठीवर. मग हात मांडीवर आला. मग खुर्ची पलंगाच्या पायथ्याशी गेली, मग खिडकीशी, मग दाराशी. प्रत्येक जागी तीन-चार रात्री. मधे नातीला ताप आला. तेव्हा सारे नियम बाजूला ठेवून ती पाच रात्री आजीच्या कुशीत झोपली, आणि बरी झाल्यावर खुर्ची पुन्हा गादीजवळून निघाली. मात्र या वेळी दाराशी पोचायला निम्मेच दिवस लागले. डी. डब्ल्यू. विनिकॉट या इंग्रज बालमनोविश्लेषकाने 1958 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या निबंधात एकटे असण्याच्या क्षमतेविषयी लिहिले आहे. ही क्षमता, त्याच्या मते, एकांतात शिकता येत नाही. ती शिकावी लागते दुसऱ्याच्या सान्निध्यात, अशा कोणाच्या, जो जवळ असतो आणि काही मागत नाही. त्या निबंधाचा विषय अर्भक आणि आई हा असला, तरी दाराशी ठेवलेल्या त्या खुर्चीत बसलेल्या बाईला तो विषय दोन्ही बाजूंनी लागू होता. अंधारात काही न करता बसून राहणे तिलाही नवे होते. पहिल्या रात्री तिने जपमाळ घेतली. नंतर तीही नेली नाही.

खुर्ची दाराबाहेर गेली त्या रात्री आतून प्रश्न आला, ‘आजी, आहेस?’

‘आहे.’

थोड्या वेळाने पुन्हा, ‘आहेस?’ ‘आहे.’ हे पाच-सहा वेळा झाले. शेवटच्या ‘आहे’नंतर प्रश्न आला नाही. दिवाणखान्यात मुलगा पाळीवरून येऊन जेवत होता, त्याच्या ताटात वाटी सरकल्याचा आवाज झाला, बाहेर कोणाची तरी स्कूटर सुरू झाली, आणि आत श्वास तसाच लयीत चालू राहिला. आजी बराच वेळ उठली नाही. मुलाने येऊन पाहिले तेव्हा खुर्चीच्या पाठीवर मान टाकून तिलाही डोळा लागला होता. त्याने तिला उठवले नाही, चादर घातली. पहाटे चारला ती आखडलेल्या मानेने जागी झाली आणि ‘खुर्चीत झोपू देतात का रे माणसाला?’ म्हणून त्यालाच रागावली.

यापुढे सारे सुरळीत झाले असे नाही. आजीच्या डॉक्टरांनी तिची संध्याकाळी सहाची कॉफी बंद केली, सकाळी अर्धा तास चालायला सांगितले आणि गोळी दिली नाही; तिच्या रात्री काही बऱ्या जातात, काही नाही. नात बहुतेक रात्री वीस मिनिटांत झोपते. पाहुणे आले की तासभर झोपत नाही. एकदा आजी दोन दिवस भावाकडे अहमदाबादला गेली, तेव्हा नात नेहमीच्या वेळी झोपली, आणि दूरध्वनीवर हे ऐकून आजी ‘बरं झालं’ असे दोनदा म्हणाली.

आठव्या महिन्यात सुनेने बालरोगतज्ज्ञांना घोडियाविषयी विचारून घेतले. नव्या बाळाला रात्री सपाट, टणक अंथरुणावर, उताणे झोपवा, असे त्यांनी सांगितले. झोळीत मान छातीवर दुमडून तान्ह्याचा श्वास अडू शकतो. दिवसा, जवळ कोणी लक्ष ठेवून असेल तेव्हा थोडा वेळ झोके द्यायचे तर बाळाकडे पाहत द्या. आजीने हे नीट ऐकून घेतले, दोन शंका विचारल्या. मग एका दुपारी तिने झोळीचे कापड उकळत्या पाण्यात धुतले, कड्यांना खोबरेल लावले, लाखकाम ओल्या फडक्याने पुसले. नातीने बाहुलीला झोळीत घालून पाहिले आणि ‘ही मोठी झाली, मावत नाही’ असा निर्वाळा दिला. जुनी दोरी काळी पडली होती. तिची गाठ सुटेना, तेव्हा आजीने ती नाडीसकट कापून काढली, बाजारातून सुती दोरी आणवली आणि मोजून बांधली. मुलगा म्हणाला, ‘आई, ही फार आखूड झाली. पलंगापर्यंत पोचणार नाही.’

‘नाहीच पोचायची,’ आजी म्हणाली, आणि उरलेली दोरी तिने कपडे वाळत घालायला गॅलरीत बांधली.